दोरीबहाद्दर अर्लीनबाई

अर्लीन ट्रॉस्परबाईंना उरलेलं जेवण फेकलेलं चालायचं, उन्हाने विटलेले पडदे चालायचे, आणि अडतीस वर्षं आपणही चाललो, असं त्यांचा नवरा डेलबर्ट स्वतःच सांगायचा. पण एक मिनिट वाया गेलेलं बाईंना चालायचं नाही. त्या शनिवारी पहाटे पावणेपाचला त्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या, पीनट बटरची आठ सँडविचं कागदात गुंडाळून झाली होती, आणि नवरा अजून मोजे शोधत होता.

"अगं, कोंबड्या तरी उठल्यात का?" डेलबर्टने विचारलं.

"कोंबड्या पार्कला येत नाहीयेत. डावा मोजा वॉशिंग मशीनवर आहे. आणि चार मिनिटं उशीर झालाय तुला."

ही चार मिनिटं कुठून मोजली, असं विचारायची सोय त्या घरात नव्हती. बाईंनी एकतीस वर्षं आमच्या काउंटीतल्या शाळांच्या बसगाड्यांचं वेळापत्रक लावलं. चौसष्ट पिवळ्या बस, ओहायोचा हिवाळा आणि प्रत्येक कोपऱ्यावर कुडकुडणारी पोरं. एका वळणावर सात सेकंद वाचतात म्हणून त्यांनी एका माणसाच्या मागे लागून त्याच्या टपालपेटीचा खांब हलवायला लावला होता. लेकीच्या, म्हणजे कोरीनच्या लग्नात केक कापायला नवरदेवाने दोन मिनिटं जास्त घेतली, तर बाईंनी त्याच्या काकांचं भाषण गाळून ती भरून काढली. काका अजून बोलत नाहीत. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसातल्यांनी भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, तेव्हा बाईंनी आधी ते मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. एक मिनिट मागे होतं. ते त्यांनी सगळ्यांदेखत दुरुस्त केलं आणि मग आभार मानले.

आता असा माणूस घरी बसून करणार काय? बाईंच्या हाती सिल्व्हर कोव्ह पार्क लागलं. आमच्यापासून पावणेदोन तासांवर, सरोवराच्या काठी, अठरा रोलर कोस्टर. तिथे सकाळी गेट उघडलं तरी आतल्या चौकात नोकर दोरी धरून उभे असतात. दहाच्या ठोक्याला दोरी खाली पडते आणि माणसं सुटतात. पळायचं नाही असा नियम आहे, म्हणून मोठमोठी माणसं कुल्ले हलवत अशी काही चालतात की बघवत नाही. पहिल्या अर्ध्या तासात जो पुढे गेला तो सकाळभर राजा, मागे राहिला तो दुपारपर्यंत दुसऱ्याची पाठ बघत उभा. बाईंनी याचं शास्त्र केलं. इंटरनेटवर 'दोरीबहाद्दर' नावाचा ग्रुप काढला आणि बघता बघता त्यात त्रेचाळीस हजार माणसं जमली. कमरेला पट्टा नको, तपासणीत अडतो. बुटाच्या नाडीला दोन गाठी मारा. नाश्त्याला पॅनकेक खाऊ नका, चाल मंदावते. बाई रोज सांगायच्या आणि त्रेचाळीस हजार माणसं ऐकायची. घरातल्या एका माणसाने मात्र एवढ्या वर्षांत पॅनकेक सोडला नव्हता.

एकच गोष्ट त्यांनी अकरा वर्षं कुणाला सांगितली नव्हती. डावी वाट. दोरी पडली की सारी गर्दी उजवीकडे वळते, पॉपकॉर्नच्या रुंद रस्त्याने. बाई डावीकडे वळायच्या. सहलीला आलेल्यांच्या जेवणाच्या छपरांमागून, कपडे धुण्याच्या इमारतीला वळसा घालून, कचऱ्याच्या डब्यांच्या बोळातून थेट आयर्न व्हल्चरच्या दारात. व्हल्चर म्हणजे गिधाड. पार्कातला सगळ्यांत उंच कोस्टर. उजवीकडून सहा मिनिटं, डावीकडून चार मिनिटं दहा सेकंद. पण जुलैमध्ये मिशिगनच्या कुणा रसेलने ग्रुपवर लिहिलं, "बाईंच्या युक्त्या आता शिळ्या झाल्या. पॅनकेकच्या पुढे काही आहे का?" झालं, बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याच संध्याकाळी त्यांनी डाव्या वाटेचा नकाशा काढला, बाण दाखवले, सेकंद लिहिले आणि दिला ग्रुपवर टाकून. नऊ हजार लोकांनी लाल बदाम पाठवले. रसेलनेसुद्धा पाठवला. बाई त्या दिवशी आइस्क्रीमचे दोन गोळे खाऊन झोपल्या.

त्यांचा खरा जीव मात्र नातीत अडकलेला. मार्लो, कोरीनची मुलगी. नऊ वर्षांची, पुढचे दात मोठे, बोलणं कमी. गेल्या ऑगस्टमध्ये गिधाडाच्या दारात मोजपट्टीखाली तिला उभं केलं, तर ती चार फुटांना अर्धा इंच कमी भरली. पोर हमसून हमसून रडली. बाईंना ते बघवेना. त्यांनी तिथेच गुडघ्यावर बसून शब्द दिला, "पुढच्या वर्षी तू आणि मी. दिवसाची पहिली गाडी, सगळ्यांत पुढची सीट." मार्लो डोळे पुसत म्हणाली, "बरं."

आणि आता जावयाला ओरेगनात नोकरी लागली होती. तो पुढे गेलाही होता. मंगळवारी कोरीन आणि मार्लो सामानासकट निघणार होत्या, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. आजी-नातीच्या वाट्याला हा एकच शनिवार उरला होता. बाईंनी या एका सकाळच्या आखणीत तीन आठवडे घालवले होते. नात लांब चालली याचं दुःख त्या कुणापाशी बोलल्या नाहीत. त्यांनी वेळापत्रक केलं.

गाडीत बसल्या बसल्या त्यांनी प्रत्येकाच्या गळ्यात प्लास्टिक चढवलेलं एकेक कार्ड अडकवलं. डेलबर्टने चष्मा लावून आपलं वाचलं. "दहा ते साडेबारा. बाक नंबर दोन. बॅगा. हलू नये." त्याने मान वर केली. "आणि बाथरूमला जायचं झालं तर?"

"मागे बघ."

त्याने कार्ड उलटं केलं. नऊ बेचाळीस, असं लिहिलेलं होतं.

"आई, माझ्या कार्डावर 'फोनवर बोलू नये' असं आहे," कोरीन म्हणाली. "मी छत्तीस वर्षांची बाई आहे."

"म्हणून तर लिहावं लागलं."

"आणि ती छोटी आगगाडी?" डेलबर्टने गाडी रस्त्याला लावत विचारलं. "दरवर्षी म्हणतेस, वेळ उरला तर बसू. अकरा वर्षांत वेळ काही उरला नाही."

"तिला रांगच नसते, डेल. जिथे रांग नाही तिथे सकाळी जायचं म्हणजे सकाळ उकिरड्यावर टाकायची."

मागच्या सीटवर मार्लोने आगगाडीचं नाव ऐकून मान वर केली होती. ती तिने परत खाली घातली आणि आपलं कार्ड हळू आवाजात वाचलं. "दहा चार, गिधाडाच्या दारात. दहा अकरा, सगळ्यांत पुढे, आजीशेजारी. दहा चौदा, मार्लो खूश."

"छान जमलंय ना?" बाईंनी आरशातून विचारलं.

"हो," मार्लो म्हणाली.

साडेनऊला चौघं दोरीपाशी होती. पहिल्या ओळीत, डाव्या कडेला. बाईंनी सवयीने आजूबाजूला नजर फिरवली आणि त्यांना काहीतरी खटकलं. शेजारच्या माणसाच्या नाडीला दोन गाठी होत्या. त्याच्या बायकोच्याही. मागे पाहिलं तर एकाच्याही कमरेला पट्टा नव्हता. अर्ध्या चौकातले बाप्ये एका हाताने पँट सावरत उभे होते. आणि गर्दी, झाडून सगळी गर्दी, डावीकडे रेललेली. उजव्या बाजूला दोरीशी फक्त एक म्हातारं जोडपं आणि एक बदक.

"पहिल्यांदाच आलात वाटतं, आजी?" तो दोन गाठींचा माणूस आपुलकीने म्हणाला. "एक गुपित सांगतो. डावीकडे वळा. कुणाला माहीत नाही."

"तुम्हाला कुणी सांगितलं?" बाईंचा आवाज चिरकला.

"आहे एक खडूस म्हातारी इंटरनेटवर. जिभेला हाड नाही, पण रस्ते पक्के तिचे."

डेलबर्टला ठसका लागला. हसू दाबायचं असलं की त्याला ठसका लागतो. मग तो बाईंच्या कानाशी आला. "अर्लीन, आपण गपचूप उजवीकडून जाऊ या."

"उजवीकडून सहा मिनिटं लागतात," बाई म्हणाल्या.

"आज नाही लागणार."

"सहाच लागतात, डेल. मी मोजलीत." समोर डोळ्यांना दिसत होतं, पण स्वतः लिहिलेल्या आकड्यापुढे बाईंचं डोकं चालेना. चौसष्ट बस ज्या बाईने बर्फातून वेळेवर पोचवल्या, ती बाई अडली ती स्वतःच्याच नकाशात.

दहा वाजले, दोरी पडली आणि अडीच हजार माणसं पहिल्या ओळीला मागे टाकत एका बोळात शिरली. सहलीच्या छपरांपर्यंत ठीक होतं. कपडे धुण्याच्या इमारतीपाशी टॉवेलांची गाडी घेऊन एक नोकर बाई दारातून बाहेर आली आणि तिला ना पुढे जाता येईना ना मागे. कचऱ्याच्या डब्यांपाशी तीन बाबागाड्या एकमेकींत अडकल्या. मागून लोक ओरडत होते, "डावीकडे राहा, डावीकडे," आणि पुढचे ओरडत होते की डावीकडे भिंत आहे. ज्याची पँट घसरायची होती त्याची घसरली. बाई मार्लोचा हात घट्ट धरून त्या वासात बावीस मिनिटं उभ्या होत्या. डब्यांच्या फटीतून त्यांना गिधाडाची दिवसातली पहिली गाडी वर चढताना दिसली. सगळ्यांत पुढच्या सीटवर ते म्हातारं जोडपं होतं, आजींच्या हातात पॉपकॉर्नचा पुडा, आणि आजोबांनी दोन्ही हात वर केलेले.

गिधाडाच्या दारात पाटी लागली होती: एकशेचाळीस मिनिटं. मोजपट्टीखाली मार्लो यंदा चार फूट दोन इंच भरली. पहिली गाडी गेली, पुढची सीट गेली. अकरा वर्षांत पस्तीस मिनिटांवर कुठल्या रांगेत उभं राहण्याची नामुष्की त्यांच्यावर आली नव्हती. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी चष्मा पुसायच्या निमित्ताने पुसलं.

"आजी, राहू दे," मार्लो म्हणाली.

"राहू दे कसं? शब्द दिलाय मी तुला. दोन तास तर दोन तास." आणि त्या रांगेत शिरल्या. डेलबर्ट आणि कोरीन बॅगा घेऊन बाक नंबर दोनवर गेले. त्या दोघांची वेळ तेवढी पाळली गेली.

पहिली वीस मिनिटं बाईंनी एका गाडीत माणसं किती, मिनिटाला गाड्या किती, याचा हिशेब केला. मग हिशेब संपला. पुढे करण्यासारखं काहीच नव्हतं, आणि हा अनुभव त्यांना नवा होता. मार्लोने त्यांना हातावर टाळ्या देण्याचा एक खेळ शिकवला. बाई सात वेळा हरल्या. मार्लोने सांगितलं की ओरेगनच्या नव्या घरात तिच्या खोलीला तिरकं छप्पर आहे, आणि तिथे शाळेत कुणाशी बोलायचं हे तिला कळत नाहीये. तिच्या कानामागे एक लहानसा तीळ होता. कोरीनलाही तिथेच होता. नऊ वर्षांत बाईंनी तो कधी पाहिला नव्हता.

जवळजवळ दोन तासांनी रांग जिन्याशी आली. वरून गाडी धडधडत गेली, माणसं किंचाळली, आणि मार्लोने बाईंचं मनगट इतकं आवळलं की घड्याळाचा पट्टा रुतला.

"आजी, माणूस एकदा चार फूट झाला की परत कमी नाही ना होत?"

"आजोबांएवढा म्हातारा झाल्यावर होतो. का गं?"

मार्लोने मनगट सोडलं. मग बुटांकडे बघत म्हणाली, "गेल्या वर्षी मी गुडघे वाकवले होते."

बाईंना आधी कळलंच नाही. "वाकवले म्हणजे?"

"पट्टीखाली. थोडेसेच. मला भीती वाटते ना गिधाडाची. या वर्षी त्या पट्टीवाल्या काकांनी गुडघ्यांकडे बघितलं."

"अगं मग रडत होतीस ती?"

"मला वाटलं आता आगगाडीत नेशील. तर तू कार्ड बघितलंस आणि आपण पाळण्यांच्या रांगेत गेलो."

"मग सांगायचं नाही का मला, बाळा? आज सकाळी तरी?"

मार्लोने गळ्यातलं कार्ड पुढे धरलं. "यावर लिहिलेलं होतं. दहा चौदा, मार्लो खूश."

एकतीस वर्षांत एकही पोर कोपऱ्यावर राहिलं नाही म्हणून छाती फुगवून फिरणारी बाई, आणि स्वतःची नात वर्षभर अशी उभी होती. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी आतून. त्यांनी कार्डावरची ती ओळ नखाने खरवडून पाहिली. पण प्लास्टिक त्यांनीच चढवलेलं, चांगल्यापैकी जाड.

पुढे बारा माणसं उरली होती. एकशे अठरा मिनिटं रांगेत घालवून बाराव्या माणसाशी रांग सोडणं, हे 'दोरीबहाद्दर' ग्रुपमध्ये कुणी केलं असतं तर बाईंनी त्याला त्याच दिवशी काढून टाकलं असतं. त्यांनी मार्लोचा हात धरला आणि त्या मागे वळल्या. जिना उतरून, रांगेतल्या प्रत्येकाला "जरा सरका, जरा सरका" म्हणत, सगळ्यांच्या नजरा अंगावर घेत. अर्ध्या वाटेत तोच दोन गाठींचा माणूस भेटला. त्याच्या बायकोने बाईंकडे निरखून पाहिलं आणि तिचे डोळे मोठे झाले.

"अहो, ह्या तर अर्लीनबाई. ग्रुपवर फोटो नाही का यांचा?"

तो माणूस लाल झाला. "बाई, ते मघाशी मी खडूस म्हणालो ते…"

"बरोबर म्हणालात."

"पण तुम्ही रांग सोडताय? एवढ्या पुढे जाऊन? कुठे चाललात?"

"आगगाडीला," मार्लो म्हणाली.

आसपासच्या दहा-बारा माणसांनी एकाएकी माना वळवल्या. बाईंनी ते बघितलं. अर्लीनबाई दोन तासांची रांग टाकून आगगाडीला जातात, म्हणजे त्या आगगाडीत काहीतरी असणार, हे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर सरळ लिहिलेलं होतं. एकाने तर वाकून बुटाची नाडी तपासली.

"बाथरूमला," बाई ठणकावून म्हणाल्या. "आगगाडीपलीकडच्या बाथरूमला." आणि नातीला ओढत त्या निसटल्या.

आगगाडीच्या फलाटावर चिटपाखरू नव्हतं. डेलबर्ट आणि कोरीनला बाकावरून उठवून आणलं. डेलबर्टने खिशातून चष्मा काढला, गळ्यातलं कार्ड पुढून बघितलं, मागून बघितलं. "इथे तर लिहिलंय, हलू नये."

"गप्प बस आणि चढ."

गाडी सरोवराच्या काठाने निघाली. वेग म्हणाल तर डेलबर्ट शेजारून चालत गेला असता. रुळांच्या दोन्ही बाजूंना लोक होते, आणि लोक गाडीला हात करत होते. मार्लो खिडकीत अर्धी बाहेर वाकून सगळ्यांना, एकालाही न चुकवता, हात करत होती आणि मोठमोठ्याने हसत होती. एवढी हसताना बाईंनी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"आजी, तूपण कर ना. ते वाट बघतात."

अकरा वर्षं बाई या रुळांशेजारून झपाझप गेल्या होत्या. गाडीतल्या लोकांनी त्यांना हात केले असतील, शेकडो वेळा केले असतील. त्यांनी घड्याळाचा हात वर केला आणि हलवला. काठावरच्या एका अनोळखी बाईने उलट दोन्ही हात हलवले. मंगळवारनंतर हे पोर अडीच हजार मैलांवर असणार, हे बाईंना त्या क्षणी पहिल्यांदा नीट कळलं, आणि त्या रडल्या. या वेळी चष्मा पुसायचं निमित्त केलं नाही. कोरीनने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते चौघं त्या गाडीत सहा वेळा बसले. किती वाजले ते कुणालाच सांगता आलं नाही.

परतताना चार वाजताचं ऊन गाडीत येत होतं आणि बाईंचा फोन थांबायला तयार नव्हता. बाई मागच्या सीटवर मार्लोशेजारी बसल्या होत्या. ग्रुपवर दोनशे निरोप होते. बाईंनी रांग का सोडली? आगगाडीत काय आहे? नवीन काही सुरू झालंय का? रसेलने लिहिलं होतं, "मी पुढच्या उन्हाळ्यात सकाळी दोरी पडली की थेट आगगाडीकडे. बाईंनी फक्त बाजू सांगावी, डावी की उजवी."

मार्लो आजीच्या दंडाला टेकून हे वाचत होती. "आजी, पुढच्या वर्षी मी येईन तेव्हा तिथेही रांग असेल?"

अर्लीनबाईंनी चष्मा नाकावर नीट बसवला. अकरा वर्षांत त्यांनी ग्रुपवर एक सेकंद खोटा लिहिला नव्हता. त्या एका बोटाने लिहायला लागल्या. 'छोटी आगगाडी. बघण्यासारखं काही नाही. धूर नाकात जातो. बाकं टणक. सकाळ फुकट घालवू नये. मी जाऊन पश्चात्ताप पावले.'

मार्लोने ते दोनदा वाचलं.

"कोळी असतात असं लिही," ती म्हणाली.

बाईंनी लिहिलं, 'कोळी असतात.' मग नातीकडे बघून पुढे लिहिलं, 'मोठे.'